डोळ्यातली आवणी

माझी एबीसीडी 'ए'पासून सुरू होत नाही, 'ई'पासून होते. त्याचं असं झालं, शहापूरच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात मी फरशी पुसायला लागले तेव्हा समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता टांगलेला होता. वरती एकटा मोठा ई, त्याच्याखाली एफ आणि पी, मग टी ओ झेड, असं बारीक बारीक होत जातं. पुसता पुसता मी तो तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत पाठ केला. एक दिवस तक्ता वाचून घेणारी बाई आली नाही, बाहेर माणसं ताटकळली. डॉक्टर म्हणाले, "आता काय करायचं?" मी फडकं बादलीत टाकलं आणि म्हटलं, "मी घेते की वाचून." ते फडकं परत माझ्या हातात आलं नाही.

शिक्षण म्हणाल तर सातवी. माहेर मुरबाडकडचं, सासर शहापूरचं, घरी भातशेती. बाकी सगळं बघून बघून शिकले. निवृत्त होण्याआधीची बरीच वर्षं मी जे काम केलं त्याला आमच्यात 'पडद्याचा फोटो काढणं' म्हणतात. डोळ्याच्या आत मागच्या भिंतीला एक पडदा असतो. जे दिसतं ते त्याच्यावर उमटतं. त्याचा फोटो बुबुळातून उजेड आत टाकून काढायचा. माणसानं हनुवटी टेकवायची, कपाळ पट्टीला लावायचं, आतल्या दिव्याकडे बघायचं आणि मी सांगेपर्यंत पापणी हलवायची नाही. सांगायला सोपं. आमच्याकडच्या माणसाला "हलू नका" म्हटलं की तो पहिल्यांदा मान हलवून "बरं" म्हणतो!

दवाखान्याची गाडी होती. एक वेळ शहापूर तालुका, एक वेळ मुरबाड. गाडीच्या मागच्या भागात काळे पडदे लावून अंधार केलेला, त्यात कॅमेरा आणि मी. पुढे बाळाराम ड्रायव्हर. तो गाडी चालवण्यापेक्षा तोंड जास्त चालवायचा. "चला, मावशी फोटो काढतायत, एका डोळ्यात म्हातारपण दिसेल, दुसऱ्यात तरुणपण!" असं ओरडून गर्दी जमवायचा. एक आजोबा फोटो म्हटल्यावर टोपी बदलून, मिश्या विंचरून आले. फोटो दाखवला तर नारिंगी गोळा आणि त्यात शिरा. आजोबा घुश्शात, "यात मी कुठं हाय?" मी म्हटलं, "आजोबा, हा तुमच्या आतला फोटो." तर म्हणतात, "आतला कोन इचारतो? भायेरचा काढ."

मुरबाडकडच्या म्हसा गावच्या जत्रेत आमची गाडी गुरांच्या बाजाराला लागून उभी राहायची. तिथे एक बैलांचा व्यापारी आला. मी सांगायच्या आत त्यानं स्वतःच दोन बोटांनी आपली पापणी वर केली, बैल विकत घेताना बघतात तशी. फोटो झाल्यावर म्हणाला, "मावशे, माझ्या सर्जाचा पन काढ." मी म्हटलं, "तो हनुवटी टेकवेल का?" तो लगेच, "माझ्यापेक्षा शाना हाय तो." आणि खरंच कासरा धरून बैल गाडीच्या दारात आणला की हो! बाळारामानं स्टेअरिंगखाली दडी मारली.

असो. मला सांगायचंय ते वेणूबद्दल. पण तिच्याआधी रेवतीबद्दल सांगावं लागेल.

रेवती म्हणजे पुण्याहून आलेली इंजिनिअर मुलगी. ती आणि तिचे लोक कॉम्प्युटरला पडद्याचे फोटो वाचायला शिकवत होते. मला पहिल्यांदा राग आला. म्हटलं, घ्या, फरशीवरून इथवर आले आणि आता डबा माझी जागा घेणार. पण ती मुलगी पहिल्याच दिवशी माझ्या शेजारी स्टूल ओढून बसली. म्हणाली, "मावशी, मला फोटोत नसांचे धागे ओळखू येतात, पण यंत्राला सांगता येत नाहीत. तुम्हाला कसे दिसतात?"

हे धागे म्हणजे काय ते सांगते. हिरव्या उजेडात पडद्याचा फोटो काढला तर तो राखाडी येतो. त्यात एक उजळ चकती असते. पडद्यावरचे सगळे बारीक धागे त्या चकतीत गोळा होतात आणि तिथून दोरखंडासारखे मेंदूकडे जातात. चांगल्या डोळ्यात हे धागे चकतीच्या वरून आणि खालून कमानीसारखे वळत गेलेले, चमकणारे, ओळीओळीनं दिसतात. काचबिंदू झाला की हे धागे झडत जातात. जिथे झडले तिथे चमक जाते आणि एक काळपट पट्टा दिसतो, चकतीपाशी निमुळता, पुढे रुंद होत जाणारा. वाईट असं की बहुतेकांना दुखत नाही, डोळा लाल होत नाही. समोरचं बहुतेक शेवटपर्यंत नीट दिसतं, माणूस तक्ता खालच्या ओळीपर्यंत वाचतो. जातं ते कडेचं. आणि गेलेलं परत येत नाही. म्हणून तो पट्टा लवकर सापडला तर मोलाचा.

मी रेवतीला म्हटलं, "पोरी, तू आवणी बघितलीस का कधी?" आवणी म्हणजे भाताची लावणी. तिनं नव्हती बघितली. मी सांगितलं, "बांधावर उभं राहून खाचर बघ. रोपं ओळीनं लावलेली, वाऱ्यानं एका बाजूला कललेली, वरून उन्हाची चमक. तसे हे धागे. आणि मध्येच एका पट्ट्यात रोप लागलेलंच नाही, नुसतं काळं पाणी दिसतंय, तसा हा आजार." तिनं फोटो जवळ ओढला. मग म्हणाली, "मावशी, तुम्ही फोटोवर हातानं रेघा मारून द्याल? कुठे रोपं आहेत, कुठे पाणी आहे?"

मी कित्येक महिने रेघा मारल्या. कॉम्प्युटरच्या काचेवर चालणारं पेन दिलं होतं तिनं. सुरुवातीला ते यंत्र अगदी बावळट. रक्ताच्या शिरांनाच धागे समजायचं. एकदा तर पापणीच्या केसाची सावली पकडून बसलं. मी चुका काढायची, रेवती तिकडे दुरुस्त करायची. हळूहळू ते आधी चकती शोधायला लागलं, मग कमानी, मग कमानीच्या वाटेनं चालत जाऊन कुठे धागे तुटलेत ते लाल रंगात दाखवायला लागलं. आजाराचं निदान ते करायचं नाही, ते डॉक्टरांचं काम. यंत्र फक्त म्हणायचं, इथे बघा. रेवतीनं त्या कामाच्या फायलीला नाव दिलं 'आवणी'. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

आता वेणू.

आषाढातला दिवस. सापगावजवळच्या एका पाड्यावर आमची गाडी. आवणीचा हंगाम, त्यामुळे माणसं घाईत. बुबुळ मोठं करायचे थेंब घातले की काही तास जवळचं धूसर दिसतं, म्हणून थेंब कोणालाच नको. आमचा कॅमेरा थेंबांशिवायही फोटो काढायचा, तेवढं बरं. त्यात वेणू आली. चाळिशीची, काटक. तिला स्वतःची शेती नाही, आवणीच्या टोळीत मजुरीला जायची. आल्या आल्या म्हणाली, "मावशे, मला कागद दे."

"कसला गो कागद?"

"डोळं बरं हायेत म्हनून. आमची चांगुणा, टोळीची मुकादम, बोलते तुझी पात भरत नाय. मधी मधी रोपच नस्तं. डोळं दाखव, नायतर टोळीत येऊ नको. मी बोल्लो, माझं डोळं घारीचं हायेत."

पात म्हणजे खाचरात प्रत्येकीच्या वाट्याला आलेला पट्टा. मागे मागे सरकत तो लावत जायचा. पात भरली नाही तर टोळीत कोण ठेवील? वेणूच्या घरात कमावणारी ती एकटी.

मी तिला उलटसुलट 'ई'चा तक्ता दाखवला, न वाचणाऱ्यांसाठी असतो तो. ई चं तोंड कुठे, ते बोटांनी दाखवायचं. वेणूनं शेवटच्या ओळीपर्यंत पटापट दाखवलं, दोन्ही डोळ्यांनी. मग फोटो काढले. यंत्रानं उजव्या डोळ्याच्या फोटोत वरच्या डाव्या बाजूला लाल पट्टा दाखवला.

माझ्या कपाळाला आठी. कारण त्याच्या आधीच्या तिघांच्या फोटोतही यंत्रानं तिथंच लाल केलं होतं. चार माणसं, चौघांना एकाच जागी आजार? मी कॅमेऱ्याची काच बघितली. तिच्यावर एक ओशट पांढुरका पट्टा. आणि तो कोणी उमटवला? मीच! सकाळी दमट हवेनं काचेवर वाफ धरली होती. रेवतीनं पुसायला खास कागद दिला होता, तो पिशवीच्या तळाशी. मी हाताला आला तो पदर घेतला आणि पुसलं. आदल्या दिवशी त्या साडीला भाताच्या पेजेची खळ केलेली. खळ उतरली काचेवर! बाळारामाला कळलं तेव्हा तो म्हणाला, "मावशी, डॉक्टरला सांगू का, आज पेशंटच्या डोळ्यात पेज सापडली?"

मी काच नीट पुसली, आधीचे तिघे अजून दारातच होते त्यांचे फोटो परत काढले. लाल पट्टा गेला. वेणूला म्हटलं, "बस परत." ती पायात चपला घालून उभी. "जीप जाते मावशे, पलीकडं मुरबाडच्या अंगाला आवणी हाय. कागद दे." मी मनात म्हटलं, खळच ती, हिचं वेगळं काय असणार? वहीत नावापुढे लिहिलं, 'काचेवर डाग'. आणि चिठ्ठीवर लिहिलं, 'नजर चांगली आहे.' खाली माझी सही. वेणूनं चिठ्ठी घडी करून ब्लाऊजमध्ये ठेवली आणि पळाली.

दुपारी जेवणं झाल्यावर मी दिवसाचे फोटो चाळत बसले, ही माझी सवय. वेणूचा उजवा डोळा बघितला, लाल पट्टा, खळ. पुढे सरकवणार, तर वाटलं डावाही बघू. सकाळच्या घाईत डाव्या डोळ्याकडे मी लक्षच दिलं नव्हतं. डाव्यात खळीचा डाग होताच त्याच डाव्या कोपऱ्यात, पण वरच्या उजव्या बाजूलाही लाल! आणि चांगला रुंद.

मी चष्मा काढून पुसला. कागदानं. परत बघितलं.

काचेवरचा डाग जागा बदलत नाही हो. उजवा डोळा असो, डावा असो, डाग आहे तिथेच राहणार. आधीच्या तिघांच्या दोन्ही डोळ्यांत तो एकाच कोपऱ्यात होता. पण डोळे एकमेकांच्या उलट असतात, आरशासारखे. उजव्यात चकती एका बाजूला, तर डाव्यात दुसऱ्या. वेणूचे पट्टे तसे उलट होते. दोन्ही अगदी चकतीच्या काठापासून निमुळते निघालेले आणि कमानीच्या वळणानं गेलेले. खळ कुठे अशी वळणानं जाते? उजव्या डोळ्यात खळीच्या खालीच खरा पट्टा होता, आणि यंत्रानं तो धाग्यांच्या वाटेवर बरोबर दाखवला होता. मी शिकवलेलं ते विसरलं नव्हतं. मीच विसरले होते.

रेवतीला फोन करून सांगितलं. तिनं तिकडे फोटो उघडून बघितले. मग म्हणाली, "मावशी, पडद्याच्या वरच्या भागाचे धागे गेले तर माणसाला खालचं दिसत नाही ना?"

"हो गो. पडद्यावर सगळं उलटं उमटतं."

"आणि ती खाली वाकून लावणी करते."

चांगुणा म्हणत होती, पात भरत नाही. वेणू आळस करत नव्हती, तिला ती जागा दिसतच नव्हती. आणि मी तिला सही करून कागद दिला होता.

इथं एक सांगून टाकते. माझे बाबा म्हातारपणी बांधावरून पडायचे. गाव हसायचं, म्हातारा घेऊन आला म्हणायचं. बाबांनी जन्मात दारूचा थेंब घेतला नव्हता. पुढे मी या कामात पडल्यावर माझ्या लक्षात आलं की त्यांना पायाखालचं दिसत नसणार. तेव्हा बाबा नव्हते. त्या दुपारी मला त्यांची फाटकी चप्पल डोळ्यासमोर आली. म्हटलं, ही बाई नाही सुटू द्यायची.

वेणूचा फोन बंद. आमची गाडी त्या पाड्यावर परत यायची ती वर्षानं. टोळी आज या गावात, उद्या त्या. आवणी संपली की घराला कुलूप लावून कुठे कामाला जातील ते त्यांनाही ठाऊक नसतं. मी बाळारामाला म्हटलं, "गाडी काढ." तो म्हणाला, "मावशी, डिझेलला कोण सही करेल?" मी म्हटलं, "आज सकाळपासून मी चुकीच्या सह्याच करतेय, आणखी एक." आणि निघालो.

मुरबाडच्या बाजूला दोन गावं पालथी घातली. जीपवाल्यांना विचारलं, दुकानात विचारलं. शेवटी एका ओढ्यापलीकडे खाचर दिसलं, दहा-बारा बाया ओळीनं वाकलेल्या. डोक्यावर प्लास्टिकच्या खोळी, तोंडं खाली. सगळ्या सारख्याच! बाळाराम म्हणाला, "आता यातली वेणू कोणती? हाक मारू?"

मी म्हटलं, "थांब."

बांधावर उभी राहून मी बायांकडे नाही, पातींकडे बघितलं. आयुष्यभर फोटोत बघितलं तसं. एक पात भरलेली, दुसरी भरलेली, तिसरी, चौथी... पाचवीत मध्ये मध्ये काळं पाणी. प्रत्येक वेळी तिच्या डाव्या हाताच्याच बाजूला. डाव्या डोळ्याचं खालचं बरंचसं गेलं होतं, उजव्याचा फक्त खालचा डावा कोपरा. दोन्हींत मिळून तेवढी एक जागा अंधारात. रेवती, तू असायला हवं होतंस गो! जे तुझ्या यंत्रानं फोटोत दाखवलं तेच माझ्यासमोर चिखलात होतं.

"वेणू!" मी हाक मारली. पाचवी बाई उठून उभी राहिली.

चांगुणा आधी पुढे आली, कमरेला हात लावून. "मावशे, तूच ना ती कागदवाली? बघ तुझ्या घारीचं काम!" आणि वेणूनं चिखलाच्या बोटांनी माझी चिठ्ठी काढून तिच्यासमोर नाचवली. "बघ ना, लिवलंय! नजर चांगली हाय!"

मी हात पुढे केला. "तो कागद मला परत दे वेणू. तो चुकलाय. मी चुकले."

ती एकदम मागे सरली. "म्हंजी मी आंधळी झालो?"

"नाही. अजून नाही. म्हणून तर आले." आणि मग मी तिला बांधावर उभं केलं. म्हटलं, "तुझी पात बघ." सरळ समोर लांबून बघितल्यावर तिला त्या मोकळ्या जागा दिसल्या. ती बराच वेळ बघत राहिली. "या माझ्या?" म्हणाली. "मी तर सगळी लावली ना." चांगुणाचा कमरेवरचा हात खाली आला. मी तिला म्हटलं, "चांगुणाबाई, ही कामचुकार नाही. हिला डोळ्यात तेवढी जागा दिसत नाही. आज उपचार झाला तर बाकीची वाचेल."

चांगुणा वेणूला दोन शिव्या देऊन म्हणाली, "मंग उबी काय ऱ्हायलीस? जा बस गाडीत. तुझी पात मी लावतो." आणि शिव्या देतानाच डोळे पुसले तिनं, चिखलाच्या हातानं, तर आणखीनच चिखल.

संध्याकाळच्या आत वेणू डॉक्टरांसमोर होती. डोळ्यांतला दाब मोजला, खूप वाढलेला. डॉक्टरांनी पुढच्या तपासण्या केल्या, काचबिंदूच निघाला. डाव्याचं बरंच गेलं होतं, उजव्याचं बहुतेक शाबूत. रोजचे थेंब सुरू झाले. मी डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं, खळीसकट. ते म्हणाले, "मावशी, यंत्र चुकलं असतं तर आपण ते बंद केलं असतं. तुम्हाला कसं बंद करायचं?" आणि हसले. त्या दिवसापासून पुसायचा कागद मी गळ्यात दोरीनं बांधून फिरले, निवृत्तीच्या दिवसापर्यंत. आणि कामावर खळीची साडी परत नेसले नाही. रेवतीनं यंत्राला आणखी एक गोष्ट शिकवली. ओळीनं काही माणसांत एकाच जागी डाग आला की ते आता आधी म्हणतं, काच पुसा. फायलीत तिनं त्याला नाव दिलंय 'पेज'.

वेणू थेंब घालायला चुकत नव्हती. दाब उतरला आणि उतरलेलाच राहिला. गेलेलं परत आलं नाही, पण पुढच्या वर्षीच्या फोटोत एकही नवा धागा तुटलेला नव्हता. मी आणि यंत्र, दोघांनी वेगवेगळं बघितलं. दोघांचं एकमत!

त्याच वर्षीच्या आवणीत चांगुणाचा निरोप आला, मावशीला घेऊन या. बाळारामानं गाडी काढली, या वेळी डिझेलबद्दल चकार शब्द नाही. तेच ओढ्यापलीकडचं खाचर. बाया खोळी घेऊन ओळीनं वाकलेल्या. कोणीच वर बघेना. मग त्यातूनच वेणूचा आवाज आला, "मावशे, वळख आता माझी पात!"

मी बांधावर उभी राहिले. चष्मा पुसला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघत गेले, परत उलट बघत आले. सगळ्या पाती हिरव्यागार, एका ओळीत, कुठे काळं पाणी नाही. नंतर मला वेणूनं सांगितलं, दर मुठीला ती मान डावीकडे वळवून बघते आणि डाव्या हातानं चिखल चाचपते. थोडी मागे पडते, तर शेजारची थांबते. पण बांधावरून मला हे काही कळलं नाही.

"सांग ना मावशे!" चांगुणा ओरडली. "इतकं डोळं वाचलंस, येक पात नाय वाचता येत?"

"नाही ओळखता येत," मी म्हटलं. "हरले!"

आणि सगळं खाचर हसलं.